दोन किलोमीटरसाठी गाडी काढायची का? पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी जुनी स्कूटर घेतली. बार्शीहून आलो होतो. घरमालक काकांनी किल्ली हातात देताना पहिला प्रश्न विचारला होता, "गाडी कुठली तुमची?" गाडी असणारच, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. पुढची दोन वर्षं मी कोपऱ्यावरच्या दुधालाही स्कूटरवरून गेलो. आज तीच स्कूटर आठवड्यातले पाच दिवस जिन्याखाली उभी असते, आणि मी जिथे जायचं तिथे पूर्वीपेक्षा लवकर पोचतो. हे कसं जमलं ते टप्प्याटप्प्याने सांगतो. बोलतोय ते फक्त तीन-चार किलोमीटरच्या आतल्या फेऱ्यांबद्दल आणि मुख्यतः डेक्कन, पेठा, शिवाजीनगर, स्वारगेट या मधल्या पुण्याबद्दल. वाघोलीहून हिंजवडीला रोज जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

आधी घड्याळ लावायला शिका

गाडीवाला माणूस वेळ सांगतो तो फक्त चाकं फिरत असतानाचा. "डेक्कनवरून तुळशीबाग? दहा मिनिटं." तुम्ही घड्याळ लावा ते किल्ली शोधायला लागल्यापासून आणि थांबवा दुकानाची पायरी चढल्यावर.

एका शनिवारी संध्याकाळी मी हे खरंच करून पाहिलं. किल्ली, हेल्मेट, मग पार्किंगमध्ये आपल्या स्कूटरला चिकटून लावलेल्या दोन गाड्या सरकवणं, यात चार मिनिटं गेली. रस्त्यावर अकरा. त्यानंतर जागा शोधण्यात नऊ मिनिटं, त्यात एकदा चालू गाडीवर बसलेल्या एका ताईंना "निघताय का?" असं विचारलं, तर त्या नुकत्याच आल्या होत्या. शेवटी जागा मिळाली ती इतकी लांब, की तिथून दुकानापर्यंत पुन्हा सहा मिनिटं चालावं लागलं. एकूण तीस मिनिटं. पुढच्या शनिवारी त्याच वेळी तोच रस्ता पायी गेलो. लकडी पूल ओलांडून अलका टॉकीजचा चौक, तिथून सरळ लक्ष्मी रस्ता. सव्वीस मिनिटं लागली, वाटेत थांबून रस प्यालो तो धरून.

असा हिशेब आपल्या रोजच्या चार ठिकाणांचा एकदा कागदावर करा. कुठल्याही ॲपमधली वेळ घेऊ नका, कारण त्यात पार्किंग शोधणं नसतं आणि सोसायटीतल्या गाड्या सरकवणंही नसतं.

पैशाचा मुद्दा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. नुसतं पेट्रोल मोजलं, तर स्कूटर बसपेक्षा स्वस्त पडते. दोन किलोमीटरला पाच रुपयांच्या आसपास पेट्रोल लागतं आणि बसचं कमीत कमी तिकीट १० रुपये आहे. मागे दुसरा माणूस बसला की हिशेब आणखी गाडीच्या बाजूने झुकतो. त्यामुळे "पैसे वाचतील" असं सांगून कोणी चालायला लावत असेल तर ऐकू नका. पैसे वाचतात ते गाडी विकतच घेतली नाही तर, म्हणजे हप्ता, विमा, सर्व्हिसिंग आणि अधूनमधून भरावा लागणारा दंड धरून. म्हणून नव्या माणसाला माझं एवढंच म्हणणं असतं, की पहिले तीन महिने गाडी घेऊ नका. गावाकडची असेल तर ती लगेच आणू नका.

चारचाकीची गोष्ट तर आणखी वेगळी. थंड इंजिन पहिल्या काही मिनिटांत जास्त इंधन पितं आणि ते धड तापायच्या आतच तुम्ही पोचलेले असता. सतत अशाच छोट्या फेऱ्या मारल्या तर बॅटरीही पुरती चार्ज होत नाही. मधल्या पेठांमध्ये एकट्या माणसाने कार नेणं हे मला आजही कोडं आहे.

मग एकेरी रस्ते पाठ करा

पुण्याचा मधला भाग म्हणजे एकेरी रस्त्यांची जाळी. जंगली महाराज रस्त्यावर वाहनं शिवाजीनगरकडून डेक्कनकडे येतात, फर्ग्युसन रस्त्यावर डेक्कनकडून वर जातात. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे, बाजीराव रस्ता त्याच्या उलट. गाडीवर असताना एखादं दुकान मागे पडलं, की अख्खी प्रदक्षिणा. फर्ग्युसन रस्त्यावर शंभर मीटर मागे राहिलेल्या पुस्तकाच्या दुकानासाठी मी जंगली महाराज रस्त्याने फिरून परत आलेलो आहे, आणि परत आल्यावर पुन्हा पुढे गेलेलो आहे.

पायी माणसाला हे काहीच लागू नाही. तो वळतो आणि मागे जातो. लक्ष्मी रस्त्यावर वाहनं अलका चौकाकडे येत असतात, तुम्ही समोरून निवांत मंडईकडे चालत जाता. घोले रस्त्यासारखे आडवे रस्ते आणि पेठांमधले बोळ हे तर चालणाऱ्यासाठीच केल्यासारखे आहेत. दोन-तीन रविवारी सकाळी आठच्या आत बाहेर पडा आणि हे बोळ पायाखाली घाला. त्या वेळी दुकानं बंद असतात, पाट्या नीट वाचता येतात आणि कुठून कुठे निघतो हे कायमचं डोक्यात बसतं.

याच रविवारी नावांचाही गोंधळ मिटवून टाका, कारण एकेका जागेला इथे दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत. बसच्या पाटीवर "मनपा" लिहिलेलं असतं, रिक्षावाला "कॉर्पोरेशन" म्हणतो आणि मेट्रोच्या स्थानकाचं नाव "पीएमसी". तिन्ही एकाच महापालिकेच्या इमारतीपाशी. लकडी पुलाचं कागदोपत्री नाव छत्रपती संभाजी पूल. पाटीवर टिळक चौक असला तरी पत्ता सांगताना सगळे अलका चौकच म्हणतात. मेट्रोचं ज्याला लोक सिव्हिल कोर्ट म्हणतात ते आता जिल्हा न्यायालय आहे. पहिल्या महिन्यात मी मनपाची बस समोरून जाऊ दिली होती, कारण मी कॉर्पोरेशनच्या बसची वाट पाहत होतो.

चालायचं कसं

मोकळ्या रस्त्यावर किलोमीटरला बारा मिनिटं लागतात. पेठांत पंधरा धरा. फूटपाथवर कुठे हातगाडी असते, कुठे विजेची डीपी, कुठे गाडी लावलेली, आणि मग आपण खाली उतरून पुन्हा वर चढतो. जंगली महाराज रस्त्याचा रुंद फूटपाथ हा सुखद अपवाद आहे. डेक्कन ते शिवाजीनगर जायचं असेल तर चालणं शिकायला याहून चांगली जागा नाही.

रस्ता ओलांडणं हे पुण्यात वेगळंच शास्त्र आहे. रस्ता एकेरी असला तरी दोन्हीकडे बघायचं, कारण उलट दिशेने येणारा एक तरी असतोच आणि तो हॉर्नही वाजवत नाही. एकटे असाल तर अजून दोन-चार जण जमेपर्यंत थांबा. चौघं मिळून निघाले की गाड्या आपोआप हळू होतात. निघालात की मध्येच धावू नका किंवा मागे फिरू नका. हात किंचित पुढे करून, एकाच चालीने जायचं. दुचाकीवाला तुमच्या चालीचा अंदाज घेऊन मागून किंवा पुढून वाट काढत असतो, तुम्ही गचका दिलात की त्याचा अंदाज चुकतो.

अलका चौकात मात्र हे शौर्य नको. लकडी पूल, लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता, टिळक रस्ता आणि शास्त्री रस्ता, एवढ्या वाटा तिथे एकत्र येतात. मधून तिरपं जायचं नाही. कडेकडेने, एकेका रस्त्याचं तोंड वेगळं ओलांडत पुढे सरकायचं. दोन मिनिटं जास्त लागतात.

चप्पल घालून रोज चालू नका, टाचा जातात. पाठीवरची सॅक हवी, हातात पिशवी नको. आणि ११ डिसेंबरला शहरात असाल तर लक्ष्मी रस्त्यावर जाऊन या. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी पादचारी दिन करते आणि रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो. त्या रस्त्यावर शेजारच्या माणसाशी न ओरडता बोलता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

बस: दोन ते पाच किलोमीटरसाठी

पीएमपीएमएल, म्हणजे लोकांच्या तोंडी पीएमपी. जुनी मंडळी अजून पीएमटीच म्हणतात. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एकत्र करून ही कंपनी झाली. जून २०२५ पासूनच्या दरानुसार पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, दहापर्यंत २०. दिवसभराचा पास ७० रुपयांना कंडक्टरकडेच मिळतो. एका दिवशी चार-पाच ठिकाणी कामं असतील, उदाहरणार्थ खोली शोधताना, तर सकाळच्या पहिल्याच बसमध्ये पास काढा.

चढायचं मागच्या दाराने, उतरायचं पुढच्या, असा जुना दंडक. डाव्या बाजूची आसनं महिलांसाठी. रिकामी दिसली म्हणून तिथे बसलेला नवा मुलगा रोज एक तरी दिसतो, आणि पुढच्या थांब्यावर एखादी मावशी शब्दही न बोलता नुसती समोर येऊन उभी राहते. तिकीट मागताना "डेक्कन एक" एवढं बोललं की झालं. सुट्टे ठेवा; मोबाइलवरून पैसे देता येतात, पण गर्दीत रेंज गेली की कंडक्टर आणि तुम्ही दोघं त्या फिरणाऱ्या गोल चक्राकडे बघत बसता.

"आपली पीएमपीएमएल" नावाच्या ॲपवर बस कुठवर आली ते दिसतं. तरीही थांब्यावरच्या माणसाला विचाराच. "काका, मंडईला कुठली?" यावर नुसता नंबर मिळत नाही, "ती आत्ताच गेली, पण पुलापलीकडे जाऊन उभे राहा, तिथून दर पाच मिनिटाला आहे" असं ऐकायला मिळतं. मला या शहराचे निम्मे बसमार्ग असेच कळले.

छोट्या फेरीत बसचा नियम एकच ठेवा. थांब्यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. तेवढ्यात आली तर बस, नाही आली तर चालायला लागायचं. बस यायची ती तुम्ही दोन थांबे चालून गेल्यावरच येते आणि तिथेही चढता येतं.

मेट्रो: छोट्या फेरीला कधी आणि कधी नाही

पुण्याची मेट्रो मार्च २०२२ मध्ये थोडकी सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारातून स्वारगेटपर्यंत पोचली. दोन मार्गिका आहेत. जांभळी पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि आकाशी रंगाची वनाज ते रामवाडी. दोन्ही जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात भेटतात. तिकीट १० पासून ३५ रुपयांपर्यंत, गाड्या सकाळी ६ ते रात्री ११.

सरळ रेषेतल्या फेरीला मेट्रोला तोड नाही. नळ स्टॉपहून पुणे स्टेशन किंवा स्वारगेटहून शिवाजीनगर ही अंतरं संध्याकाळी सहा वाजता स्कूटरवरून जाऊन बघा, मग मेट्रोने जा. घाम आणि धूर या दोन गोष्टींतला फरक तर लगेच कळेल.

पण नवखे एक चूक हमखास करतात. मेट्रो आहे म्हणून कुठेही मेट्रोने जातात. मंडईहून डेक्कनला जायचंय असं समजा. नकाशावर दोन्ही स्थानकं आहेत. प्रत्यक्षात तुम्ही मंडईला भुयारात उतरता, कसबा पेठ पार करून जिल्हा न्यायालयाला येता. ते भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. तिथून सरकते जिने चढत चढत वर यायचं, वर म्हणजे रस्त्यावर नव्हे, रस्त्याच्याही वरच्या पुलावर, कारण दुसरी मार्गिका तिथून जाते. मग गाडीची वाट, पुन्हा तीन स्थानकं मागे. एवढ्या वेळात लक्ष्मी रस्त्याने पायी गेलेला माणूस डेक्कनला चहा पीत बसलेला असतो. गाडी बदलायची असेल आणि अंतर दोन-अडीच किलोमीटरच्या आत असेल, तर मेट्रो सोडा. एकाच स्थानकाचं अंतर असेल तरीही सोडा. जिने, तपासणी आणि वाट पाहणं यातच चालण्याइतका वेळ जातो. हातात सामान असेल किंवा ऊन रणरणत असेल तर गोष्ट निराळी.

रिक्षा

थोडक्यात: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला १७. हा दर सप्टेंबर २०२२ पासूनचा. म्हणजे तीन किलोमीटरला मीटरने पन्नास-एक रुपये. बसायच्या आधी "दादा, मीटरने ना?" एवढं विचारा. तो "द्या ना वरती थोडे" म्हणाला तर मागचा बघा. वयस्कर आई-वडील बरोबर असतील, रात्रीचे साडेअकरा झाले असतील किंवा दवाखान्यात जायचं असेल, तर फार विचार न करता रिक्षा करावी.

गाडी काढायचीच असेल तर

काढावी लागतेच. गॅसची शेगडी दुरुस्तीला न्यायची असते, पंचवीस किलो तांदूळ आणायचा असतो, किंवा एका दुपारी पाच वेगवेगळ्या टोकांना जायचं असतं. माझा ढोबळ नियम असा, की अंतरासाठी गाडी नाही, ओझ्यासाठी गाडी.

मधल्या भागात गाडी नेताना आधी ती लावायची कुठे ते ठरवा. दुकानासमोर जागा मिळेल या आशेवर जाऊ नका. मंडईजवळची आर्यन आणि मिनर्व्हा ही महापालिकेची वाहनतळं किंवा नारायण पेठेतला हमालवाडा, असं एक ठिकाण मनात धरून थेट तिथेच जा आणि पुढे चाला.

रस्त्यावर लावत असाल तर पाटी वाचा. अनेक रस्त्यांवर सम-विषम तारखांचं पार्किंग आहे, पाटीवर पी-१, पी-२ असं लिहिलेलं. एका तारखेला रस्त्याची ही बाजू, दुसऱ्या तारखेला ती. मी समजत होतो की बाजू रोज आलटून पालटून बदलते, म्हणून काल इकडे लावली तर आज तिकडे. ३१ तारखेला बरोबर लावली होती. दुसऱ्या दिवशी सवयीने बाजू बदलली. ३१ विषम आणि १ सुद्धा विषम, हे डोक्यात आलं ते परत आल्यावर, गाडीच्या जागी नुसता तेलाचा डाग दिसला तेव्हा. पानाच्या टपरीवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "आत्ताच उचलली. टेम्पोत पाच नंबरला चढवली." म्हणजे मोजतही होता. नो पार्किंगचा पहिला दंड ५०० रुपये, उचलून नेल्याचे वेगळे, आणि गाडी सोडवायला जाण्यासाठी रिक्षा केली तिचे आणखी वेगळे. ज्या वस्तूसाठी गेलो होतो ती होती १२० रुपयांची कुकरची रिंग.

पाऊस आणि गणपती

जून ते सप्टेंबर एक मोठी छत्री आणि सॅकचं कव्हर घ्या. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि तो बंद झाला की त्यावरची सगळी रहदारी लकडी पुलावर आणि झेड पुलावर येऊन पडते. अशा दिवशी डेक्कनहून पेठांकडे जायचं तर चालणं हाच सगळ्यात वेगवान मार्ग असतो.

गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळनंतर मधले रस्ते वाहनांना टप्प्याटप्प्याने बंद होतात. तेव्हा गाडी घेऊन पेठांत शिरायचा विचारच करू नका. मेट्रोने मंडई किंवा कसबा पेठ गाठायची आणि पुढे गर्दीबरोबर वाहायचं. या दिवसांत मेट्रो रात्री उशिरापर्यंत असते. २०२५ च्या विसर्जनाला तर ती सलग ४१ तास चालली. फक्त मंडई स्थानकाबाहेर अलोट गर्दी असते, लहान मूल बरोबर असेल तर एक स्थानक आधी उतरून चालत जा.

एक गोष्ट राहिली. गाडी वापरायची कमी केलीत, की तिची बॅटरी उतरते. आठवड्यातून एकदा तरी ती वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणावी लागते, नुसती जागेवर सुरू करून भागत नाही. मी रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत नेतो. मागच्या महिन्यात दोन रविवार चुकले, तर बटणाने नुसतं टक्-टक् केलं. किक मारून मारून घामाघूम झालो. वरच्या मजल्यावरून घरमालक काका बघत होते. म्हणाले, "कुठे जायचंय?" म्हटलं, "कुठेच नाही, काका. हिलाच फिरवायला न्यायचंय."